चुणचुणीत कुणाला म्हणावं? उत्साह, चैतन्य आणि छाप यांसाठीचे इंग्रजी शब्द, पायरीपायरीने

माझ्या वर्गातली एक मुलगी एकदा आपल्या आजीवर दहा इंग्रजी वाक्यं लिहून घेऊन आली. आजी ब्याऐंशी वर्षांची. पहाटे उठून सडा घालते, गल्लीतल्या सगळ्यांची खबर ठेवते आणि मंगळागौरीला अजून फुगडीचे दोन फेरे घेते. मुलीनं लिहिलं होतं, 'माय ग्रँडमदर इज डायनॅमिक अँड एनर्जेटिक.' व्याकरणात बोट ठेवायला जागा नव्हती, पण वाचताना आजी काही डोळ्यांसमोर येईना. नोकरीच्या जाहिरातीतला कुणी विक्री अधिकारी येत होता. मी विचारलं, "मराठीत आजीला काय म्हणशील?" ती म्हणाली, "काटक आहे, ठणठणीत आहे, तुरुतुरु चालते." "चुणचुणीत म्हणशील?" ती हसायलाच लागली. "चुणचुणीत पोरं असतात, मॅडम. आजी कशी असेल?"

कोणता शब्द कुणाला शोभतो, याची जाण तिच्याकडे होतीच, फक्त ती मराठीत होती. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी गेली काही वर्षं इंग्रजी शिकवते आहे, आणि उत्साह, चैतन्य, रुबाब, मोहकपणा यांचे शब्द शिकवताना मला हेच दिसत आलं आहे. मुलं अर्थ पाठ करतात आणि मराठीतली जाण वर्गाबाहेर ठेवून येतात. ती सोबत आणली की हे शब्द भराभर आपलेसे होतात. त्यासाठी मी वर्गात ज्या पायऱ्या घेते, त्या इथे मांडते आहे.

पहिली पायरी : आधी मराठीत मोजदाद

एक कोरा कागद घ्या आणि त्याचे तीन भाग करा. पहिल्या भागात अंगातला जोम येऊ द्या: जोम, रग, तडफ, धडाडी, हुरूप, उभारी, काटकपणा. दुसऱ्यात वागण्यातलं चैतन्य: चुणचुणीत, तरतरीत, टवटवीत, खेळकर, बोलका, दिलखुलास, सळसळता. तिसऱ्यात समोरच्यावर पडणारी छाप: रुबाब, ऐट, डौल, लाघव, तेज, भुरळ, मोहिनी, उमदेपणा.

मग प्रत्येक शब्दापुढे ओळखीच्या एका माणसाचं नाव लिहा. हा भाग टाळू नका. 'धडाडी' लिहिलं की कुणी तरी आठवतंच, आणि ते माणूस 'लाघवी'पुढे चालत नाही हेही लगेच कळतं. पुढे इंग्रजी शब्द शिकताना तो याच तीन भागांपैकी कुठे बसतो आणि कुणाच्या नावापुढे शोभतो, एवढंच पाहायचं आहे.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश जालावर मोफत पाहता येतो आणि अशा शब्दांसाठी तो खजिनाच आहे. फक्त त्याची पहिली आवृत्ती १८३१ची आणि दुसरी १८५७ची, हे ध्यानात असू द्या. त्यातलं मराठी वाचून जीव सुखावतो, पण त्यातले इंग्रजी प्रतिशब्द आज कुणी बोलेलच असं नाही. आजच्या वापरासाठी ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा, भाषा शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश उघडा. तिथे शब्दाजवळ तो कौतुकाचा आहे की नापसंतीचा, बोलीतला आहे की जुनाट, याची खूण असते. अर्थाच्याही आधी ती खूण वाचायची सवय लावा.

दुसरी पायरी : आठ शब्द पक्के करा

सुरुवातीला एवढेच पुरेत: एनर्जेटिक, लाइव्हली, चिअरफुल, एन्थुझिॲस्टिक, कॉन्फिडंट, चार्मिंग, ग्रेसफुल, अट्रॅक्टिव्ह. यांवर रोजचं सगळं काम निभतं. तीन गोष्टी तेवढ्या लक्षात ठेवा. 'लाइव्हली' माणसाइतकाच बाजाराला, चर्चेला, गाण्याच्या चालीलाही चालतो. 'एन्थुझिॲस्टिक'ला कशाबद्दल तरी लागतं, म्हणून त्याच्या मागे 'अबाउट' येऊ द्या. नुसतं 'आय ॲम एन्थुझिॲस्टिक' अधांतरी वाटतं. आणि 'अट्रॅक्टिव्ह' हा दिसण्याबद्दलचा शब्द आहे, तेव्हा कचेरीतल्या सहकारी बाईला उद्देशून तो वापरू नका. तिच्या कामाचं कौतुक करा.

तिसरी पायरी : प्रत्येक शब्दाचं चित्र शोधा

ही पायरी मला सगळ्यांत प्रिय आहे आणि इथे मी वर्गात दोन-दोन तास रमते. या शब्दांच्या पोटात एकेक जुनं चित्र असतं, आणि त्यातली कितीतरी चित्रं आपल्या घरातली निघतात.

'झेस्ट' घ्या. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता संत्र्या-लिंबाची साल, पदार्थाला स्वाद आणणारी. स्वयंपाकघरात जाऊन एक ताजं लिंबू घ्या आणि सालीवरून नख ओढा. बारीक तुषार उडतो, बोटं तेलकट होतात, नाकाला झिणझिण्या येतात. आयुष्याबद्दल 'झेस्ट' असलेला माणूस म्हणजे असा माणूस. रोजचंच जगतो, पण स्वाद घेत जगतो. हा वास एकदा घेतलात की अर्थ पाठ करावा लागत नाही.

'गस्टो'सुद्धा जिभेवरचाच. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ चव. म्हणून तो खाणं, गाणं, गप्पा यांच्याशी जुळतो. पंगतीत एखादा माणूस पुरणपोळीवर तुपाची धार धरून मनापासून जेवतो, ते 'विथ गस्टो' जेवणं. आपण 'चवीनं खाणे' म्हणतो आणि 'चवीनं ऐकणे'ही म्हणतो, अगदी तसंच.

'पेप' हा 'पेपर'चा, म्हणजे मिऱ्याच्या नावाचा, लचका तोडून केलेला शब्द. तो 'पेपर' लॅटिन आणि ग्रीकमधून मागे मागे नेला तर आपल्या पिप्पलीशी, म्हणजे पिंपळीशी, येऊन थांबतो. तिखटाला आणि अंगातल्या जोशाला एकाच शब्दानं ओळखायची रीत आपल्याकडेही आहे: मिऱ्याचा ठसका लागतो, आणि लावणीतही ठसका असतो. खेळाडूंना मैदानात उतरण्याआधी प्रशिक्षक जे हुरूप वाढवणारं बोलतो, ते 'पेप टॉक'.

'पनॅश' म्हणजे मुळात शिरस्त्राणावरचा पिसांचा तुरा. आपल्याकडे शिरपेचात मानाचा तुरा खोवतात, तोच हा. म्हणून या शब्दात नुसता उत्साह नाही, ऐट आहे. काम तर झालंच, पण दिमाखात झालं, असं सांगायचं असेल तिथेच तो वापरा. घाईत उरकलेल्या कामाला हा तुरा शोभत नाही.

'ॲनिमेटेड' म्हटलं की मुलांना कार्टून आठवतं. पण 'ॲनिमेटेड डिस्कशन' म्हणजे हातवारे, चढे आवाज, लकाकणारे डोळे असलेली चर्चा. मूळ लॅटिन 'ॲनिमा' म्हणजे श्वास, जीव. संस्कृतातल्या 'प्राण' आणि 'अनिल' या शब्दांत जो श्वासाचा धातू आहे, त्याचाच हा भाऊबंद. 'व्हिव्हेशस'चं नातं तसंच 'जीव'शी. ज्या व्यक्तीच्या येण्यानं खोलीत जीव येतो, ती व्हिव्हेशस.

'एन्थुझिॲझम'ची गोष्ट ऐकून मुलं नेहमी सावरून बसतात. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ होता, आत देव शिरलेला असणं. जत्रेत ढोलाच्या ठेक्यावर एखाद्या बाईच्या अंगात येतं, केस मोकळे सुटतात, आवाज बदलतो. तेच ते. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये हा शब्द निंदेचा होता, धर्मवेडानं भान सुटलेल्यांसाठी. आज तो नोकरीच्या अर्जात लिहितात. शब्दाचा मान असा बदलतो, म्हणून तर कोशातली ती खूण वाचायची.

मोहकपणाच्या शब्दांत जादूटोणा भरलेला आहे. 'चार्म'च्या मुळाशी लॅटिनमधलं गाणं किंवा मंत्र आहे. आपण 'मंत्रमुग्ध' म्हणतोच. 'ग्लॅमर' हा तर 'ग्रॅमर'चाच स्कॉटलंडमध्ये बदललेला उच्चार. पोथ्या वाचणाऱ्याला मंत्रतंत्र येत असणार, अशी त्या काळी लोकांची समजूत होती. त्यामुळे विद्येचा शब्द जादूला लागला आणि जादूचा पुढे झगमगाटाला. ग्लॅमर घालणं म्हणजे नजरबंदी करणं. आपली 'भुरळ' आणि 'मोहिनी'सुद्धा 'घालायच्या'च गोष्टी आहेत.

आता 'करिझ्मा'. इथे एक मोठी फसगत होते. आपल्या वर्तमानपत्रांत 'करिष्मा' सर्रास येतो आणि दोन्ही एकच वाटतात. आपला शब्द फारसीतून आला, मूळ अर्थ नेत्रकटाक्ष, नखरा, पुढे चमत्कार. इंग्रजी शब्द ग्रीकमधला, अर्थ ईश्वरी कृपेची देणगी. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांच्या लेखनामुळे तो नेतृत्वाच्या चर्चेत रुजला. दोघांचा आवाज जुळतो तो योगायोगानं. म्हणून शेवटच्या चेंडूवर सामना जिंकला तर मराठीत करिष्मा झाला म्हणता येईल, इंग्रजीत नाही. करिझ्मा घडत नसतो, तो माणसात असतो.

अमेरिकेचा खास शब्द 'मॉक्सी'. हे तिथल्या एका कडवट शीतपेयाचं नाव आहे. १८७६च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल गावी एका डॉक्टरनं ते शक्तिवर्धक औषध म्हणून काढलं आणि त्यात जेन्शन नावाची कडू मुळी वापरली. आपलं काडेचिराईत त्याच कुळातलं. ते कडू घोट पचवणारी हिंमत म्हणजे मॉक्सी. आणि 'व्हिम' ऐकून भांड्यांची वडी आठवली तरी चालेल, पण इंग्रजीत तो शब्द बहुधा 'व्हिम अँड व्हिगर' असा जोडीनं फिरतो, आपल्या 'जोम आणि जोश'सारखा. एकटा लिहू नका.

चौथी पायरी : शब्द कुणाला शोभतो?

आता पहिल्या पायरीचा कागद पुढे ओढा. आजीला शोभणारा शब्द आहे 'स्प्राय', किंवा 'स्प्राइटली'. दोन्ही मुख्यतः म्हाताऱ्या माणसांसाठी, वयाच्या मानानं चपळ अशा अर्थानं. पंचविशीच्या तरुणाला 'स्प्राय' म्हणणं म्हणजे त्याला 'अजून काटक आहे हो' म्हणण्यासारखं. लहान मुलाच्या चुणचुणीतपणाला 'ब्राइट' आणि 'लाइव्हली' ही जोडी बरी.

'व्हिव्हेशस', 'बबली' आणि 'पर्की' हे बहुतेक वेळा मुली-बायकांबद्दल येतात. त्यातला पहिला प्रतिष्ठित आहे. उरलेले दोन कौतुकाचे वाटतात, पण कामाच्या ठिकाणी एखाद्या कर्तबगार बाईला 'बबली' म्हटलं तर तिला पोरकट ठरवल्यासारखं होतं. 'फाइस्टी'चं तसंच. हा शब्द भुंकून अंगावर येणाऱ्या छोट्या कुत्र्याच्या नावावरून आला, आणि म्हणूनच पुष्कळ बायकांना तो रुचत नाही. अशा बाईला 'स्पिरिटेड' म्हणा; त्यात मान आहे.

पुरुषांसाठी 'डॅशिंग', 'डेबोनेअर', 'स्वाव्ह'. पहिल्यात धडाडी आणि देखणेपण एकत्र, दुसऱ्यात खानदानी टापटीप, तिसऱ्यात गुळगुळीत सफाई. या तिसऱ्याबद्दल मी सावध असते, कारण त्यात कधीकधी 'हा माणूस जरा जास्तच गोड बोलतो' हा वास येतो. मराठीत आपण 'साखरपेऱ्या' म्हणतो, त्याच्या थोडं अलीकडे.

उत्साह उतू जाण्याचे तीन मोठे शब्द आहेत: 'इबुलियंट', 'एफर्व्हेसंट', 'एग्झ्यूबरंट'. पहिल्या दोघांत उकळी आणि बुडबुडे आहेत. तिसऱ्याच्या मुळाशी भरलेली कास आहे, गायीची. लिहिताना सुंदर, बोलताना जड. आधी वाचनात ओळखा, वापरायची घाई करू नका.

पाचवी पायरी : आपलेच खड्डे

काही शब्द आपण इतके वापरतो की ते इंग्रजी आहेत हेच विसरतो, आणि त्यांचा अर्थ आपल्याकडे येऊन बदललेला असतो.

'काय पर्सनॅलिटी आहे!' हे आपण उंचपुऱ्या, भरदार माणसाकडे बघून म्हणतो. इंग्रजीत पर्सनॅलिटी म्हणजे स्वभाव. बांध्याचा, रुबाबाचा प्रभाव सांगायचा तर 'ही हॅज अ कमांडिंग प्रेझेन्स' म्हणा. 'जॉली नेचर' परिचयपत्रात फार दिसतं. त्याऐवजी 'फन टू बी अराउंड' किंवा 'चिअरफुल' लिहा. 'स्मार्ट' आपल्याकडे देखणा, अमेरिकेत हुशार, इंग्लंडमध्ये नीटनेटक्या पोशाखातलासुद्धा.

सगळ्यांत खोल खड्डा 'होमली'. नात्यातल्या एका मुलीचं परिचयपत्र मी इंग्रजीत लिहून दिलं होतं. मुलगा अमेरिकेत वाढलेला. घर सांभाळणारी, मायाळू या अर्थानं मी अभिमानानं 'होमली' लिहिलं. अमेरिकेत त्याचा अर्थ दिसायला सामान्य, जवळजवळ कुरूप. समोरून फोनवर मुलाच्या बहिणीनं संकोचत विचारलं, "तिनं स्वतःबद्दल असं का लिहिलंय?" त्या मुलीचा उतरलेला चेहरा मला अजून सलतो. 'वॉर्म' आणि 'फॅमिली-ओरिएंटेड' हे शब्द मी त्या दिवशी शिकले. तुम्ही आजच शिकून ठेवा.

आणखी दोन. 'स्पंक' अमेरिकेत हिंमतीसाठी चालतो, पण ब्रिटनमध्ये त्याला अश्लील अर्थ आहे. त्याच्या जागी 'ग्रिट' घ्या. जुन्या पुस्तकांत 'गे' म्हणजे आनंदी, उल्हसित असं भेटेल. आज तो शब्द समलिंगी व्यक्तींसाठी आहे आणि त्याच अर्थानं, आदरानं वापरावा.

सहावी पायरी : शब्दाची सोबत

'उत्साह ओसंडतो' म्हणतो, 'उत्साह पडतो' म्हणत नाही. इंग्रजी शब्दांनाही ठरलेल्या सोबती असतात. झेस्ट 'फॉर लाइफ' असतो. एनर्जी 'बाउंडलेस' असते, आणि माणूस तिनं 'ब्रिमिंग' असतो, काठोकाठ भरलेला. एन्थुझिॲझम 'इन्फेक्शस' असतो, म्हणजे लागण होणारा, आणि हे कौतुक आहे. समारंभ खुलवणाऱ्या माणसाला ब्रिटनमध्ये 'लाइफ अँड सोल ऑफ द पार्टी' म्हणतात, अमेरिकेत 'लाइफ ऑफ द पार्टी'. वहीत एकटा शब्द लिहू नका, सोबत्यासह लिहा.

सातवी पायरी : तोंडात बसवा

या घराण्यात 'व्ह'चे शब्द फार. आपला 'व' इंग्रजीच्या दोन आवाजांच्या मधे कुठेतरी येतो, त्यामुळे 'व्हिम' म्हणजे जोम आणि 'विम' म्हणजे लहर, हे दोन्ही आपल्याकडून सारखेच उच्चारले जातात. आरसा घ्या. पहिल्यासाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवा आणि ओठ थरथरू द्या. दुसऱ्यासाठी दात लांब ठेवा, शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करा. 'व्हर्व्ह', म्हणजे जोश, हा शब्द सरावाला उत्तम, दोन्ही टोकांना दात टेकतात.

'झेस्ट', 'झिंग' (तरतरी), 'पिझॅझ' (झगमगती ऐट) यांतला आवाज 'झाड'मधला नाही आणि 'जरा'मधलाही नाही. त्या दोघांत जीभ दाताशी आधी अडते. इथे ती अडवायची नाही. माशी कानाशी गुणगुणते तसा आवाज लांबवा आणि त्यातूनच शब्दात शिरा.

आघातही बघा. 'करिझ्मा'त तो 'रि'वर, 'करिझमॅटिक'मध्ये 'मॅ'वर. 'व्हिव्हेशस'मध्ये 'व्हे'वर. 'एनर्जी'त पहिल्या अक्षरावर, 'एनर्जेटिक'मध्ये 'जे'वर. सुरुवात 'च'नं करून 'चॅरिझ्मा' म्हणू नका.

आठवी पायरी : बाजारात उतरा

मुलाखतीत 'आय ॲम अ डायनॅमिक पर्सन' म्हणू नका. स्वतःला लावलेलं विशेषण कुणी ऐकत नाही. मराठीत तरी आपण 'मी धडाडीचा आहे' म्हणतो का? काय केलं ते सांगा. गणपतीत मंडळाच्या पन्नास पोरांना हाताशी धरून रक्तदान शिबिर घेतलंत, तर तेवढंच साध्या इंग्रजीत सांगा. धडाडी हा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप येतो. विशेषणं दुसऱ्यांसाठी राखून ठेवा: निरोपाच्या भाषणासाठी, शिफारसपत्रासाठी, शोकसंदेशासाठी.

तरुण मुलं मला 'रिझ' विचारतात. हा 'करिझ्मा'च्या मधला तुकडा असल्याचं मानलं जातं, अर्थ समोरच्यावर छाप पाडून त्याला जिंकण्याची हातोटी. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं २०२३ साली त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. मित्रांत खुशाल बोला, अर्जात नको. 'ऊम्फ' मात्र आज कचेरीतही चालतो. १९३९ साली हॉलिवूडमध्ये ॲन शेरिडन या नटीची जाहिरात 'ऊम्फ गर्ल' म्हणून झाली, तेव्हा तो मादकपणाचा शब्द होता. आता सादरीकरण फिकं वाटलं तर 'इट नीड्स मोअर ऊम्फ' असं साहेबही म्हणतात.

सरावासाठी रोज एकच माणूस घ्या. दूधवाला, शेजारच्या काकू, बसचा वाहक, कुणीही. आधी मराठीत एक शब्द, मग इंग्रजीत एक, आणि त्याखाली तो शब्द खरा ठरवणारी त्या माणसाची एक कृती.

त्या मुलीनं आजीवरची वाक्यं अशीच पुन्हा लिहून आणली. 'ॲट एटी-टू, शी इज ॲज स्प्राय ॲज एव्हर.' पुढचं वाक्य मंगळागौरीचं होतं आणि तिथे ती अडली होती, फुगडीला इंग्रजीत काय म्हणायचं म्हणून. तुम्हीही अडाल. तिथे शब्द शोधत बसू नका. फुगडी तशीच लिहा, आणि पुढे साध्या इंग्रजीत सांगा की दोघी जणी हात गुंफून, पाय जुळवून, मागे झुकून गरगर फिरतात.